न बोललेला शह

मॅट्रिकला मी भूमितीत नापास झालो. भूमिती शिकलो ती दापोडीच्या एका कारखान्यात, मोरचूद फासलेल्या पत्र्यावर. शिकवणारे मराठी दुसरी शिकलेले होते. त्यांनी जे हातात दिलं त्यावर मी पुढे तीस वर्षं पोट भरलं. त्यांचं मी काय केलं ते आज लिहितो आहे. आजवर लिहिलं नाही, कारण विचारणाऱ्याला मी दुसरीच हकिकत सांगत आलो आणि ती सगळ्यांना पटत गेली.

पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. रेल्वेच्या रुळांना लागून एका शेठजींचा कारखाना होता. पंपांचे आणि तेलघाण्यांचे सुटे भाग तिथे तयार होत. चाळीसएक माणसं कामाला, मागे पत्र्याची चाळ. मी नगरकडून आलेला, तेवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मला आखणीच्या टेबलावर मदतनीस म्हणून दिलं होतं. ओतकाम होऊन आलेला लोखंडी भाग कुठे कापायचा, कुठे भोक पाडायचं, हे आधी त्याच्यावर सुईने आखून द्यावं लागतं. त्यासाठी मोरचुदाचं पाणी फासायचं, म्हणजे लोखंडावर तांबूस थर चढतो आणि रेघ उठून दिसते. आखणी चुकली की पुढचं सगळं चुकलं. म्हणून त्या टेबलावर कारखान्यातला सर्वांत पक्का माणूस लागतो, आणि तो म्हणजे आमचे मिस्तरी.

मिस्तरी पन्नाशी ओलांडलेले, रहाटणीचे, जुन्या शेतकरी घरातले. भावांशी वाटणीवरून बिनसलं तेव्हा भरल्या ताटावरून उठून ते बायकोला घेऊन बाहेर पडले होते. भावाच्या उंबऱ्यात पुन्हा पाणी पिणार नाही, असं गावासमोर बोलले होते. मूलबाळ नव्हतं. कारखान्याच्या चाळीत राहायचे. वाटणीला आलेल्या तुकड्यावर, विहिरीच्या कडेला, दोन खोल्यांचं घर ते दर रविवारी जाऊन स्वतःच्या हाताने बांधत होते. भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या होत्या. आणखी दोन वर्षं नोकरी झाली की घरावर पत्रे चढणार, आणि मग कुणाच्या दारात न जाता आपल्या घरात जायचं, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. त्या मला सणावाराला जेवायला बोलवत.

मिस्तरींच्या डोळ्यांत काहीतरी आहे हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. चहाचा कप मी त्यांच्या डाव्या कोपराशी ठेवायचो आणि तो रोज सांडायचा. लांब पट्टी लावली की ते मला म्हणत, पलीकडच्या टोकाचा आकडा वाच. मला वाटायचं, मला शिकवण्यासाठी वाचायला लावतात. एके दिवशी वरच्या साखळीला लटकवलेला जड भाग बाजूने येत होता, सगळे ओरडले, आणि ते तसेच उभे. मी दंडाला धरून ओढलं. संध्याकाळी ते मला रुळांकडच्या बाजूला घेऊन गेले आणि सरळ सांगून टाकलं.

"मला समोरचं दिसतं. बाजूचं न्हाई. नळीतनं बघावं तसं हाय बघ. पुण्याचा डॉक्टर म्हणला, नसा सुकत्यात, चष्म्यानं काय व्हनार न्हाई."

समोरचं मात्र त्यांना लख्ख दिसायचं. सुईच्या टोकाखाली असलेली रेघ ते केसभरही हलू देत नसत. फक्त एका वेळी चार बोटं जागेपलीकडचं जग त्यांच्यासाठी नव्हतं. मी त्यांची बाजू व्हायचं, पट्टीची टोकं वाचायची, वरून काही येत असेल तर सांगायचं आणि कुठे बोलायचं नाही, असं ठरलं. बदल्यात ते मला आखणी शिकवणार होते. बुद्धिबळ मी मागून घेतलं.

बुद्धिबळ हा आमच्या कारखान्याचा रोग होता. जेवणाच्या सुट्टीत भाकरी अर्धी तोंडात असतानाच पट मांडला जाई. पट म्हणजे जाड पत्र्यावर सुईने आखलेली चौसष्ट घरं, एकाआड एक काळी रंगवलेली. मोहरे लेथवर फिरवलेले, एका बाजूचे पितळेचे, दुसऱ्या बाजूचे लोखंडाचे. घोडा लेथवर करता येत नाही, म्हणून बोल्टाचं डोकं तिरकं कापून त्याला घोडा म्हणायचं. आम्ही देशी रीतीने खेळायचो, प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं. मिस्तरींना हरवणारा तिथे कुणी नव्हता. चार बोटं जागा दिसणारा माणूस चौसष्ट घरांवर राज्य करत होता आणि हे गुपित एकट्या मला ठाऊक होतं.

मला त्यांनी चाली शिकवल्या नाहीत, आकार शिकवले. पहिल्या दिवशी पटावर एकटा घोडा ठेवला आणि हातात परकार दिला. एक टोक घोड्याच्या घराच्या मध्यावर ठेव, दुसरं तो जिथे उडी मारतो त्या घराच्या मध्यावर, आणि फिरव. मी फिरवला. त्या एका वर्तुळात घोड्याची आठही घरं आली, प्रत्येकाच्या बरोबर मध्यातून रेघ गेली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. घोडा वाकडा चालतो म्हणून मी लहानपणापासून त्याला बिचकत होतो, आणि तो तर गोल निघाला. शाळेत मास्तरांनी वर्तुळाची व्याख्या माझ्याकडून छड्या मारून पाठ करून घेतली होती, पण वर्तुळ कशाला असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी राजा ठेवला आणि एक घर सोडून त्याच ओळीत वजीर. राजाभोवती एक वर्तुळ काढायला लावलं, वजिराभोवती दुसरं. दोन्ही रेघा जिथे एका घराच्या मध्यावर एकमेकींना कापतात, तिथे समोरच्याचा घोडा आला की दोघांवर एकदम मार. राजाला हलावं लागतं, वजीर जातो. वजीर राजाला तिरका चिकटून असला तरी असं घर सापडतं. पण दोघे तिरक्या रेघेत, मध्ये एक घर सोडून उभे असले तर वर्तुळं कापतात खरी, मात्र घराच्या मध्यावर नाही. तिथे घोडा हात चोळत बसतो. ही दडायची जागा, ध्यानात ठेव, असं त्यांनी मला बजावलं. आणखी एक सोपी खूण त्यांनी दिली. घोडा पांढऱ्यावरून काळ्यावर आणि काळ्यावरून पांढऱ्यावरच जातो, म्हणून आपले दोन भारी मोहरे एकाच रंगाच्या घरांवर आले की आधी घोडा कुठे आहे ते बघायचं.

रेघांचं शिकवणं पुढच्या पावसाळ्यात झालं. उंटाच्या रेघेला ते गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, तिरका लावायचे, हत्तीच्या रेघेला सरळ. एका रेघेवर तीन मोहरे आले की काहीतरी शिजतंय असं समज, म्हणायचे. मारणारा, मधला आणि मागचा. मागे राजा असेल तर मधला जागचा हलू शकत नाही, तो असून नसल्यासारखा. अशा अडकलेल्या मोहऱ्याला ते अर्दब म्हणत. पुढे राजा आणि मागे वजीर असेल तर पुढचा सरला की मागचा मेला. आणि मारणारा आपल्याच मोहऱ्याच्या आड लपला असेल तर मध्ये असलेला बाजूला होताच शह उघडा पडतो. त्यांना पट दिसत नव्हता, रेघा दिसत होत्या. एकदा मी त्यांना विचारलं, डोळे मिटून खेळाल का. ते म्हणाले की मिटूनच खेळतो, उघडे ठेवतो ते लोकांसाठी.

लोकांना हे कळू नये यासाठी त्यांनी एक रीत पाडली होती. त्यांच्या पटावर बोलून खेळावं लागे. मोहरा उचलायच्या आधी तोंडाने सांगायचं, घोडा राजाच्या उंटापुढे, हत्ती वजिराच्या घरात, आणि शह असेल तर शह म्हणायचंच. हात खोटं बोलतो, तोंडाला बांधून घेतलं की भानगड राहत नाही, असं ते सांगत. सगळ्यांना वाटायचं, जुन्या माणसाची शिस्त आहे. पोरंसोरं बोलून खेळायची आणि मागे त्यांची नक्कल करायची. ते बोलणं म्हणजे मिस्तरींचे डोळे होते. मोहरा कुठे गेला हे कानाने ऐकून ते मनातल्या पटावर तो सरकवत. मला त्यांनी एकदाच, विनवणीच्या सुरात, सांगितलं होतं की तू दुसऱ्या कुणासंग कसाबी खेळ, माझ्यासंग तेवढं बोलून खेळ. मी मान डोलावली. मग लक्षात आलं की मी बाजूला बसलो आहे, मान दिसली नसेल. म्हणून तोंडाने हो म्हणालो.

दुसऱ्या वर्षी मी बऱ्यापैकी खेळू लागलो आणि आखणीही येऊ लागली. तिथेच माशी शिंकली. मला वाटू लागलं की टेबल खरं म्हणजे मी चालवतो. टोकं मी वाचतो, मोठ्या भागांच्या खुणा मी करतो, आणि शाबासकी मिस्तरींना. खरं तर मी पन्नास रेघांत दोन चुकवायचो आणि ते मॅनेजरसाहेबांच्या नजरेस पडण्याआधी घासून टाकायचे. पण तेविशी-चोविशीत माणसाला स्वतःच्या चुका दुसऱ्याने घासलेल्या आठवत नाहीत.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखाना झाडून-पुसून हत्यारांची पूजा व्हायची. पट्ट्या, सुया, परकार, हातोड्या टेबलावर मांडून हळदकुंकू, झेंडूच्या माळा. दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. चाळीतल्या बायका-पोरं येत, शेठजींकडून पेढे येत, आणि रिकाम्या हातांना काम काय, तर बुद्धिबळ. त्या वर्षी नवे इंजिनिअरसाहेब रुजू झाले होते, पुण्याचे, तरुण, खेळाची आवड असलेले. त्यांनी म्हटलं की मिस्तरींचं नाव फार ऐकलं आहे, डाव बघायचा आहे. समोर कोण बसणार, तर त्यांचा चेला, म्हणजे मी.

सकाळीच कारकुनाने मला गंमत म्हणून एक बातमी दिली होती. मॅनेजरसाहेबांनी मिस्तरींना विचारलं होतं की या पोराला स्वतंत्र आखणीवर घ्यावं का, चिंचवडच्या बाजूला नवं शेड निघतं आहे. मिस्तरी म्हणाले होते, अजून कच्चा हाय, वर्षभर थांबा. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं गुपित मी दीड वर्ष पोटात ठेवलं, तो मला कच्चा म्हणतो. ते खरं बोलले होते, हे मला आतून माहीत होतं, आणि त्यामुळेच राग जास्त आला.

डाव सुरू झाला. भोवती पंचवीस-तीस माणसं, पलीकडे बायका, त्यांत मावशी ताट घेऊन उभ्या. इंजिनिअरसाहेब खुर्चीवर, मिस्तरींच्या डाव्या हाताला. पहिल्या वीसेक चाली मी शिस्तीत बोलून खेळलो. मिस्तरी रंगात होते. मोठे लोक बघायला बसले की त्यांची जीभ सैल सुटायची. माझी एक चाल फसली तेव्हा त्यांनी साहेबांकडे तोंड करून सांगितलं की ह्याला भूमिती मॅट्रिकलाबी न्हाई जमली, आमी शिकवतोय, बघू उजाडतंय का. सगळे हसले. बायकाही हसल्या. मावशी हसल्या की नाही हे मी बघितलं नाही, पण मला त्याही हसल्यासारख्या वाटल्या.

त्या बोलण्याच्या भरातच त्यांनी वजीर पुढे आणून माझ्या हत्तीवर मार धरला, आणि तो वजीर राजाच्या ओळीत, एक घर सोडून, एकाच रंगावर जाऊन बसला. असं ते कधी करत नसत. मला दोन्ही वर्तुळं डोळ्यांसमोर दिसली. ज्या घरात ती एकमेकींना कापत होती ते घर मोकळं होतं, आणि माझा घोडा तिथे एका उडीत पोचत होता.

बोलून खेळलो असतो तरी डाव माझा होता. वजीर पडला असता, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हरवलं असतं, त्यांनीच पाठीवर थाप मारली असती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे मी जे केलं ते जिंकण्यासाठी केलं असं कुणाला वाटू नये. मी थांबलो. रुळांवरून मालगाडी यायला लागली होती. तिच्या खडखडाटात आमच्या शेडचे पत्रे थरथरायचे. ती अगदी जवळ आली तेव्हा मी घोडा उचलला, त्या घरात अलगद ठेवला आणि गाडी गेल्यावर म्हणालो, "खेळलो, मिस्तरी."

काय खेळलास, असं ते विचारू शकले असते. पण साहेब बसलेले, माणसं बघत असलेली. मग त्यांनी मनाशी ठरवलं असणार की हत्तीवर मार होता, पोराने हत्ती मागे घेतला असणार. दुसरं करण्यासारखं त्यांच्या मते माझ्याजवळ काही नव्हतं, मी कच्चा होतो ना. त्यांनी शांतपणे कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि तसं बोलले.

"मिस्तरी, शह हाय," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा झाला.

मिस्तरींनी विचारलं, "कुणाचा?"

हसणं थांबलं. घोडा पटावर त्यांच्या समोर होता, तीन वर्षांच्या पोराला दिसला असता. मिस्तरी मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत होते, पटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकेक घर बघत. अंधारात पडलेली किल्ली माणूस हाताने चाचपतो तसं ते डोळ्यांनी चाचपत होते. मी बघत होतो. मी तेव्हाही घोडा कुठे आहे ते सांगितलं नाही. इंजिनिअरसाहेबांनी खिशातून काड्यापेटी काढली आणि मिस्तरींच्या डाव्या कानाजवळ, वीतभर अंतरावर, धरली. हलवली नाही, आवाज केला नाही. नुसती धरली. मग पुढे आणली, गालाच्या रेषेत. मग आणखी पुढे. सगळी माणसं ती काड्यापेटी बघत होती आणि ज्याच्यासाठी धरली होती तो अजून घोडा शोधत होता. पलीकडून मावशींच्या हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

काड्यापेटी नाकासमोर आली तेव्हा मिस्तरी दचकले. त्यांनी ती बघितली, मग साहेबांच्या हाताकडे बघितलं, आणि सगळं समजले. राजा हातात घेऊन त्यांनी तो पटावर आडवा ठेवला.

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. दसरा होऊन गेल्यावर त्यांनी मिस्तरींना खुर्ची देऊन बसवलं आणि सांगितलं की अशा डोळ्यांनी यंत्रांमध्ये उभं राहणं तुम्हालाही धोक्याचं, दुसऱ्यांनाही. महिनाभर खोलीत राहा, तोवर सोय बघा. मिस्तरींनी रखवालदाराचं काम मागितलं, तर साहेब म्हणाले, रखवालदाराला तर डोळेच हवेत. मिस्तरींनी सांगितलं की माझी एक रेघ चुकलेली दाखवा. कुणालाच दाखवता आली नाही. पण त्याने काय होणार होतं.

मला टेबल मिळालं. इंजिनिअरसाहेबांनीच मला हाक मारून विचारलं की तुला ठाऊक होतं ना, म्हणून तू न बोलता चाल केलीस ना. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी प्रश्नातच मला उत्तर देऊन ठेवलं होतं. मी म्हणालो, हो साहेब, कुणाचा तरी हात जाईल अशी भीती वाटत होती, पण तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती. साहेबांनी मान डोलावली. दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या शेडमध्ये पोचली आणि संध्याकाळी दोघातिघांनी येऊन मला सांगितलं की राव, अवघड काम केलंस. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. दोन-चार वेळा सांगितल्यावर मलाही ती गोष्ट थोडी थोडी खरी वाटायला लागली. मला त्यांची जागा हवी होती का, हे मी स्वतःला विचारलं नाही. आता विचारतो, आणि उत्तर हो असंच येतं. त्या दिवशी मात्र फक्त राग होता असं वाटत होतं. रागाचा एक फायदा असतो, त्याच्या आड काहीही लपतं.

महिना भरला तेव्हा रहाटणीहून धाकटा भाऊ बैलगाडी घेऊन आला. खिडकीपर्यंत आलेल्या भिंतींत राहता येत नाही, त्यामुळे दुसरा रस्ताच नव्हता. भाऊ काही वाकडं बोलला नाही, ट्रंक आणि भांडी गाडीत चढवू लागला. मीही हात लावला. मिस्तरींना गाडीत चढवताना त्याने त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी तो झटकला नाही. ते मला सर्वांत जास्त लागलं. मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या खंडेनवमीला तिथे उभ्या होत्या, आणि माझ्याशी खेळताना त्यांचा नवरा कशावर विसंबून असतो हे त्यांना घरात माहीत होतं.

तीन महिने मी गेलो नाही. मग माघात एका रविवारी निघालो. पवना नदीला पाणी कमी होतं, उतारावरून पाय भिजवत पलीकडे गेलो आणि पिंपळ्यावरून शेतांतून रहाटणीला पोचलो. काय सांगायला निघालो होतो हे वाटभर घोकत होतो. खरं सांगणार होतो. राग आला होता, कच्चा म्हणालात म्हणून, हसलात म्हणून, आणि टेबल हवं होतं म्हणूनही. पाया पडणार होतो. शिव्या खायची तयारी होती. मार बसला असता तर बरं वाटलं असतं.

भावाच्या घराला पुढे ओटी होती आणि तिच्या टोकाला, गोठ्याकडच्या बाजूला, मिस्तरी घोंगडीवर बसले होते. नळी आणखी अरुंद झाली होती. आता समोरचंही नुसतं उजेड-अंधार. माझ्या पावलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. आतून भावजय कुणाला तरी मोठ्याने सांगत होती की पाणी तापवायला सरपण काय आपोआप येतं का, आणि ते बोलणं ओटीवर ऐकू येईल अशाच आवाजात होतं. मिस्तरी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. या घरात पाणी पिणार नाही म्हणालेला माणूस तांब्या शेजारी घेऊन बसला होता.

मी बसलो. कारखान्यातल्या माणसांची त्यांनी चौकशी केली. नव्या शेडचं, कुठलं यंत्र आलं त्याचं. मग मी घोकलेलं वाक्य सुरू केलं, "मिस्तरी, त्या दिवशी मी..."

त्यांनी हात वर केला.

"मला समदं कळलंय. कारकून आला व्हता मागं, त्यानं सांगितलं. कुनाचा हात जाईल म्हून तुला काळजी पडली व्हती." मग हळू म्हणाले, "माझ्या तोंडावर बोलायचा धीर झाला न्हाई तुला, म्हून पटावर दावलंस. बरं केलंस. मला लई दिस राग व्हता तुझा. मनात यायचं, ह्यानं दावा साधला. कारकून बोलला तवा जीव हलका झाला बघ. निदान पोरगं तरी वाईट न्हाई निघालं."

मावशी चहाचा कप घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्या उत्तराची वाट बघत.

खरं सांगितलं असतं तर त्या माणसाजवळ उरलेली एवढी एक गोष्टही मी काढून घेतली असती, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण ते नंतर. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, एवढंच खरं आहे. मी म्हणालो, "हो, मिस्तरी. तसंच होतं."

मावशी कप घेऊन तशाच मागे वळल्या आणि आत गेल्या.

मिस्तरींनी समाधानाने मान हलवली. मग त्यांनी आवाज दिला, "अगं, त्याला चहा दिलास का?"

"दिला," मावशी आतून म्हणाल्या.